टेंभुर्णीचा सिंगल बार

आमच्या गावाने एखाद्याचं भलं करायचं ठरवलं, की त्या माणसाने आधी गाव सोडून पळावं, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. मी हे रागाने बोलते आहे हे मला कळतं. राग यायलाच हवा. माझ्या धाकट्या भावाचं, माऊलीचं, जे झालं ते एखाद्या दुश्मनाने केलं असतं तर त्याच्या दारात जाऊन मी त्याचा उद्धार केला असता. इथे नावं घ्यायची तर माझ्या बापापासून सुरुवात करावी लागते, आणि तिथेच माझी जीभ अडते.

माऊली तातेराव अंभोरे, राहणार टेंभुर्णी, तालुका जाफ्राबाद. जिम्नॅस्ट. हा शेवटचा शब्द आमच्याकडे कुणाला सांगून पटत नाही. "म्हंजे मल्लखांब का?" असं पहिल्यांदा विचारतात. "म्हंजे सर्कस का?" असं दुसऱ्यांदा. आमच्या एका मामांनी तर त्याला बाजूला घेऊन विचारलं होतं की बाबा, तू हे आंगमोडीचं शिकलास, तर माझ्या कमरेचं काही करशील का? माऊली हसला आणि त्याने मामांची कंबर चोळून दिली. असा हा प्राणी. नाही म्हणायचं त्याला देवाने शिकवलंच नाही.

लहानपणी तो पायांनी कमी आणि हातांनी जास्त चालायचा. आमची माय, सोनूबाई, म्हणायची, "बरं हाय, चपला तरी टिकतेत." सोयाबीन निघालं की भुसाच्या ढिगावर याच्या कोलांट्या सुरू. उलट्या, सुलट्या, हवेत फिरून पायावर. शाळेतले खेळाचे सर, नागसेन सर, कबड्डीतले. त्यांना जिम्नॅस्टिक्समधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण हे पोर भुसात वाया चाललंय एवढं त्यांना कळलं. एसटीत बसवून ते त्याला संभाजीनगरला घेऊन गेले, तिथल्या मोठ्या हॉलमधल्या प्रशिक्षकांपुढे उभं केलं आणि म्हणाले, "बघा, तुमचं काही होतं का याचं." झालं. माऊली तिथलाच झाला. सणासुदीला घरी यायचा तेव्हा तळहाताला घट्टे आणि पोटात भूक, एवढंच सामान असायचं.

आमच्या वडिलांची, आबांची, मोसंबीची बाग आहे, बरी चालते. पोराच्या शिकण्याला ते कधी आडवे आले नाहीत. पण पोरगा नेमकं काय करतो हे त्यांनी डोळ्याने कधी पाहिलं नाही. स्पर्धा असायची तेव्हा बागेला पाण्याची पाळी असायची, नाहीतर स्पर्धा लांब दुसऱ्या राज्यात. त्यांनी पाहिलं ते सगळं मोबाइलवर. हाताच्या तळव्याएवढ्या पडद्यावर त्यांचा पोरगा एका आडव्या दांड्याला धरून गरागरा फिरायचा, दांडा सोडायचा, हवेत गिरकी घ्यायचा आणि परत दांडा धरायचा. आबा तो व्हिडिओ गावात सगळ्यांना दाखवत. मोसंबी घ्यायला आलेल्या व्यापाऱ्यालासुद्धा भाव ठरायच्या आधी तो बघावा लागायचा.

तो दांडा म्हणजे हॉरिझॉन्टल बार. आमच्याकडे त्याला सिंगल बार म्हणतात. आता सगळी गोष्ट या दांड्याची आहे म्हणून नीट सांगते. तो दिसतो लोखंडी आणि ताठ, पण असतो लवचीक, ओल्या फांदीसारखा. फिरणारा माणूस खाली आला की तो त्याच्या वजनाने वाकतो, आणि परत उसळताना त्या माणसाला वर फेकतो. माणसाच्या खांद्यावर येणारा हिसका तो दांडा स्वतःच्या अंगावर घेतो. माऊलीची सगळी विद्या त्या वाकण्यावर उभी होती.

आणि विद्या चांगली उभी राहत होती हो! राज्याचं सुवर्णपदक झालं. विद्यापीठाचं झालं. राष्ट्रीय स्पर्धेत बारच्या अंतिम फेरीत गेला. मग दिल्लीहून निवड चाचणीचं बोलावणं आलं. भारताचा संघ स्वित्झर्लंडला एका स्पर्धेला जाणार होता, त्यासाठी पोरं निवडायची होती. माऊली बारवरचा खेळाडू म्हणून बसेल असं त्याच्या प्रशिक्षकांना पक्कं वाटत होतं. त्यांनी त्याला एका स्विस खेळाडूचा व्हिडिओ दिला होता. माऊली घरी आला की जेवताना समोर तो लावून ठेवायचा आणि घास हातात धरून बघत बसायचा. माय एकदा वैतागून म्हणाली, "हा गोरा कोण हाय रं, रोज आपल्या ताटावर बसून राह्यला?"

त्याला काय हवं होतं ते त्याने मला सांगितलं होतं. विमान नको, परदेश नको. "ताई, एकदा चांगल्या बारवर, चांगल्या लोकांत, माहं सगळं पूर्ण करून खाली उतरायचंय. हात वर करायचेत. बस." एवढंच मागणं. मी केदारखेड्याला शाळेत शिकवते. वर्गातली मुलं याहून जास्त मागतात.

चाचणीला महिनाभर होता, आणि इथे गावाच्या मनात भलं करायचं आलं.

आमच्याकडे रीत अशी, की माणूस जिंकून आल्यावर सत्कार करतात तो वेगळा, आणि जिंकायच्या आधी शुभेच्छांचा करतात तो वेगळा. बाजारपेठेच्या तोंडाला भलंमोठं फ्लेक्स लागलं. मागे बर्फाचे डोंगर, पुढे फेटा बांधलेला माऊली. खाली लिहिलं होतं, 'स्वित्झर्लंड स्वारीस हार्दिक शुभेच्छा'. निवड व्हायची होती अजून! त्याच्याही खाली शुभेच्छुकांचे फोटो, आणि ते माऊलीच्या फोटोपेक्षा मोठे. मी सरपंच सर्जेरावकाकांना म्हटलं, "काका, अजून चाचणी आहे." ते म्हणाले, "अगं मीना, चाचणी तर हायच. आपलं पोरगं काय नापास व्हणारंय का?"

फ्लेक्सपर्यंत ठीक होतं. फ्लेक्सने कुणाचं हाडमांस दुखत नाही. पण आबांच्या डोक्यात आलं की पोरासाठी गावातच सिंगल बार उभा करायचा. घरी आला की त्याला सरावाला काही नसतं, बिचारा कडुनिंबाच्या फांदीला लोंबकळतो. कल्पना ऐकून गाव उठून उभं राहिलं. लोखंडाचे व्यापारी अमरचंदशेठ म्हणाले, "तातेराव, माल मी देतो. जालन्याहून असा गज आणतो की ट्रक टांगला तरी वाकणार न्हाई." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. जालन्याच्या लोखंडाचा आम्हाला फार अभिमान. पुण्या-मुंबईच्या इमारती आमच्या सळईवर उभ्या आहेत, मग आमच्या पोराला आम्ही कच्चा माल द्यायचा?

माऊलीला कुणी विचारलं नाही, कारण त्याला चकित करायचं होतं. मला उद्घाटनाच्या आदल्या दिवशी कळलं. आबांनी खांब स्वतः भरले. सिमेंटवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं, नव्या कलमाला घालावं तसं. गज नेहमीच्या बारपेक्षा चांगला जाड घेतला, लेथवर गुळगुळीत करून आणला, वर तेल लावलं. पोरगा पडू नये, एवढंच त्या माणसाच्या मनात होतं.

कार्यक्रम शाळेच्या मैदानावर झाला. मंडप, खुर्च्या, माइक. खाली मंडपवाल्याच्या गाद्या अंथरलेल्या. नारळ फुटला, पाटीवरचा पडदा सरकला. माऊली पुढे गेला, उडी मारून त्याने दांडा धरला, एकदा अंगाला हिसका दिला आणि खाली उतरला. मी जवळ उभी होते. तो माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, "ताई, हा वाकत न्हाई."

"मग करू नकोस. पाय मुरगळलाय म्हणून सांग."

"आबा बघून राह्यलेत."

आबा पहिल्या रांगेत बसले होते. नवा सदरा, डोक्यावर फेटा. पोराला पहिल्यांदा डोळ्याने बघणार होते ते. मी सर्जेरावकाकांकडे धावले, म्हटलं, "काका, थांबवा हे, हा बार तसा नाहीये." त्यांच्या हातात माइक होता आणि समोर आख्खं गाव. "जल्दी बस मीना," ते म्हणाले, "सुरू व्हऊन राह्यलं." आणि खरंच सुरू झालं होतं.

माऊलीने दोन-चार सोपे फेरे घेतले. तेवढ्यावर उतरला असता तर निभावलं असतं. पण व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेला. "हात सोड! माऊली, हात सोड!" असा गलका सुरू झाला. पोरं, म्हातारे, बायासुद्धा. आबा खुर्चीच्या कडेवर सरकले. माऊलीने ते पाहिलं. त्याने जोराचा फेरा घेतला, हात सोडले, हवेत फिरला आणि दांडा परत धरला. तो खाली आला तेव्हा त्या दांड्याने इतकंसुद्धा मागेपुढे केलं नाही. सगळा हिसका त्याच्या उजव्या खांद्यात गेला. मी आवाज ऐकला असं म्हणणार नाही, त्या टाळ्यांत काय ऐकू येणार? पण त्याचा चेहरा मी पाहिला.

तो तरीही नीट पायावर उतरला, आणि त्याने फक्त डावा हात वर केला. उजवा वर जात नव्हता. गावाला वाटलं, ही त्याची स्टाइल आहे. दुसऱ्या दिवसापासून आळीतली पोरं उड्या मारून एकच हात वर करायला लागली. पुढच्या फ्लेक्सवर तोच फोटो आला. आबांनी त्याला मिठी मारली ती नेमकी उजव्या खांद्यावरून, आणि हा गाढव हसत उभा राहिला.

घरी येऊन मी भांडले. म्हटलं, आत्ताच्या आत्ता आबांना सांगते. त्याने मला आईची शप्पथ घातली. "त्यांनी हाताने खांब भरलेत ताई. सांगू नको." माझा एवढा संताप झाला की मी ताट आपटलं. त्यावर माय मलाच बोलली की भाऊ एवढा मोठा होऊन राह्यला आणि ही जळून राह्यली.

दिल्लीत जे व्हायचं ते झालं. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं, तरी पट्ट्या बांधून तो गेला. तिथे बार होता खरा, चांगला, वाकणारा. त्याने फेरे घेतले, हात सोडले, आणि दांडा परत धरताना उजवा हात उघडला. तोंडावर पडला. पूर्ण करून उतरणं राहून गेलं. संघ गेला, हा नाही गेला. मग खांद्याची शस्त्रक्रिया, मग वर्षभर दोरी ओढ, पाण्याची बाटली उचल. परत आला, धडपडला, फ्लोअर आणि व्हॉल्ट या जिम्नॅस्टिक्सच्या दुसऱ्या प्रकारांत खेळला. पण ज्याच्यावर त्याची पोटातून माया होती त्या बारवर तो पहिल्यासारखा कधीच गेला नाही. दोन हंगाम असे तसे काढले आणि थांबला. जिम्नॅस्टची कारकीर्द तशीच लहान असते, म्हणतात लोक. लहान असते ते ठीक, पण ती आपल्या गतीने तरी संपू द्या.

आणि गाव काय म्हणालं? गाव म्हणालं, खांदा दिल्लीत पडून गेला, आणि दिल्लीवाल्यांनी राजकारण केलं. मराठवाड्याचं पोरगं वर जाऊ देत न्हाईत. चहाच्या टपरीवर यावर भाषणं झाली, निषेधाचं निवेदन तहसीलला गेलं. आबा तर दिल्लीचं नाव निघालं की थुंकायचे. मी तोंड मिटून ऐकत राहायची, आणि रात्री नवऱ्याला ऐकवायची. माझा नवरा शांत माणूस आहे म्हणून संसार टिकला. माऊलीला विचारावं तर म्हणायचा, "जाऊ दे ना ताई. काही तरी म्हणणारच लोक." मला कधी कधी त्या दांड्यापेक्षा त्याचाच जास्त राग यायचा. अरे, एकदा तरी तोंड उघड! जखम तुझी, आणि तीही झाकून ठेवायची ती दुसऱ्यांना बरं वाटावं म्हणून?

आता तो संभाजीनगरलाच मुलांना शिकवतो. गेल्या महिन्यात त्याच्या शिष्यांची स्पर्धा होती, आणि बागेला त्या दिवशी पाण्याची पाळी नव्हती. मी आबांना घेऊन गेले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आबा त्या हॉलमध्ये खुर्चीवर बसले. एका मुलाने बारवर झोका घेतला, फिरून खाली आला, आणि दांडा मधोमध धनुष्यासारखा वाकला.

आबा ताडकन उभे राहिले. "मोडला! मोडला! धरा रे पोराला!"

हॉल हसला. शेजारी एका मुलाची आई बसली होती, ती आबांना समजावत म्हणाली, "काका, तो वाकायलाच असतो. वाकला नाही तर मुलांचे खांदे जातील ना."

आबा खाली बसले. मग त्यांनी एकही मुलगा पाहिला नाही, फक्त दांडा पाहत राहिले. वाकायचा, सरळ व्हायचा, वाकायचा, सरळ व्हायचा. स्पर्धा संपल्यावर माऊली हसत आला, त्याने चहा पाजला, बसमध्ये बसवून दिलं.

भोकरदन येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "मीना, आपला वाकत न्हाई ना?"

"नाही आबा."

"त्याचा खांदा त्याच दिशी गेल्ता?"

शप्पथ गेली खड्ड्यात. मी म्हटलं, "हो."

"अन् दिल्लीवाल्यांनी राजकारण?"

"कुणी काही केलं नाही आबा."

त्यांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. त्या रात्री मी माहेरीच राहिले.

सकाळी उठून पाहते तर आबा घरात नाहीत. शाळेच्या मैदानावरून गलका ऐकू आला. जाऊन बघते तर आबांनी वेल्डिंगवाल्याकडून लोखंड कापायचं कटर आणलं होतं, शाळेतून वायर ओढली होती, आणि एका खांबाला शिडी लावत होते. भोवती निम्मं गाव. सर्जेरावकाका शिडी धरून उभे.

"तातेराव, डोकं फिरलं का? ही ग्रामपंचायतीची वस्तू हाय. माऊलीचं नाव हाय पाटीवर."

"शिडी सोड सर्जेराव."

"आधी सांग झालं काय?"

माझा बाप आयुष्यात कधी चारचौघांत मोठ्याने बोललेला नाही. तो बोलला. "ह्या दांड्यानं माह्या पोराचा खांदा खाल्ला! दिल्लीनं न्हाई. मी खाल्ला. मी भरले हे खांब. कडक व्हता म्हणून त्याचं हाड निखळलं!"

मला वाटलं, चला, उशिरा का होईना, कळलं एकदाचं. सर्जेरावकाकांचे डोळे भरून आले. खरंच भरून आले, मी पाहिले. त्यांनी आबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अरे तातेराव, मंग तव्हाच सांगायचं ना. अजून जाड टाकला असता."

मागून कुणीतरी म्हणालं, "बराबर हाय. अजूनबी टाकू."

माझं डोकं फुटायची वेळ आली. मी तिथेच माऊलीला फोन लावला, स्पीकरवर टाकला, आणि जे जसं झालं ते सांगितलं. आबांचं कटर, सर्जेरावकाकांचं वाक्य, सगळं. मला माहीत होतं तो काय म्हणणार. जाऊ दे ताई, म्हणणार.

पलीकडून आवाज आला. "जाड? अजून जाड?"

आणि तो ओरडला. माझा भाऊ ओरडला! जन्मात त्याचा तसा आवाज मी ऐकला नव्हता. "माहा खांदा गेला त्याच्यात! अन् तुमी टाळ्या वाजवून राह्यलते! हात सोड म्हणून राह्यलते! मला कुणी इचारलं व्हतं का? एकानं तरी इचारलं व्हतं का, माऊली, तुला कसा पाह्यजे? मला एकदा पूर्ण करून उतरायचं व्हतं. एकदा! मी न्हाई म्हणलो असतो, पण आबा समोर बसले व्हते. नवा सदरा घालून बसले व्हते!" मग शिव्या. सर्जेरावकाकांना, अमरचंदशेठना, फ्लेक्सवाल्याला, मला, स्वतःला. रडत होता का ओरडत होता ते कळत नव्हतं.

लोक खाली माना घालून उभे. मला वाटलं, एवढ्या लोकांत हे नको. मी स्पीकर बंद करायला गेले, तर आबांनी फोन माझ्या हातातून घेतला. ते बाजूला जातील असं मला वाटलं. ते गेले नाहीत. त्यांनी फोन तसाच सगळ्यांच्या मधोमध, समोर धरला.

"बोल," ते म्हणाले. "अजून बोल बाबा. इथं समदे ऐकून राह्यलेत."